आतून दाखवा

आमच्या घरात मी इस्त्रीला हात लावू नये, असा एक अलिखित नियम होता. तो वेळीच लिहून भिंतीवर लावायला हवा होता, हे त्या शनिवारी सकाळी साडेनऊला सगळ्यांच्या लक्षात आलं.

सोमवारी दहा वाजता माझ्या भाचीची एका मोठ्या हॉटेलात मुलाखत होती. स्वागताच्या टेबलामागे उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे, तो कितीही चिडलेला असला तरी, हसून बघायचं, अशी नोकरी. भाची दोन वर्षं शिकायला आमच्याकडे होती. शिक्षण संपलं होतं. ही नोकरी मिळाली तर इथेच राहायचं, नाही मिळाली तर महिनाअखेर आपल्या घरी, दोन खोल्यांत पाचवं माणूस म्हणून परत जायचं, असं मायलेकींनी फोनवर ठरवून टाकलं होतं. मुलाखतीच्या पत्रात खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, काळा कोट आवश्यक. म्हणून तिने मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून फोनवर एक काळा कोट मागवला होता. आणि मामाने काहीतरी केलं पाहिजे, या उमाळ्याने मी तो इस्त्री करायला घेतला.

मी बटण 'सुती' वर ठेवलं. माझ्या मते कापड म्हणजे सुती. कोट आधी आक्रसला, मग चमकला, आणि मी इस्त्री वर उचलली तेव्हा तिच्याबरोबर कोटही वर आला. घरभर प्लॅस्टिकची बादली जळल्यासारखा वास सुटला.

"काय जाळलंत?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं. काही जळलं का, असं नाही. थेट काय जाळलंत. संसाराला तीस वर्षं झाली की प्रश्न असे आखूड होतात.

भाची धावत आली. छातीच्या डाव्या बाजूला इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा काळ्या गोंदासारख्या गोळा झाल्या होत्या. ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने घाईघाईने बाहीत हात घातला आणि आतून एक पुठ्ठ्याचा तुकडा ओढून पाहिला.

"टॅग शाबूत आहे," ती म्हणाली, आणि मग खाली बसली. "पण आता काय उपयोग."

तेव्हा कळलं की बाईसाहेबांचा बेत वेगळा होता. टॅग बाहीत दुमडून कोट सोमवारी घालायचा, मुलाखत द्यायची आणि मंगळवारी 'माप बसत नाही' म्हणून कंपनीला परत पाठवायचा. सात दिवसांत पैसे परत. म्हणजे मी एका इस्त्रीत तिचा कोट, तिचे पैसे आणि तिची लबाडी, तिन्ही गोष्टी जाळल्या होत्या.

"कात्रीबाईंकडे जा," बायको म्हणाली. "आणि बोलणी खायची तयारी ठेवून जा."

कात्रीबाई आमच्याच इमारतीत जिन्याखाली बसतात. एका बाजूला विजेचे मीटर, दुसऱ्या बाजूला कोणाची तरी चाक नसलेली सायकल, आणि मधल्या जागेत एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि साठीच्या कात्रीबाई. फाटलेलं शिवणं, सैल झालेलं आवळणं, चेन बदलणं ही त्यांची कामं. कात्रीबाई हे नाव त्यांना हातातल्या कात्रीवरून पडलं असावं, असा नव्या लोकांचा समज असतो. पहिल्यांदा काम घेऊन गेले की तो समज जातो.

गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बाई बघत नाहीत. नमस्कार नाही, काय हवंय नाही. हात पुढे करतात आणि म्हणतात, "आतून दाखवा." कपडा घेतात, उलटा करतात, शिवणीवरून अंगठा फिरवतात आणि मग तुमच्याकडे बघतात. तो बघण्याचा प्रकार मी शब्दांत सांगू शकत नाही. शाळेत गणिताच्या मास्तरांनी माझी वही दोन बोटांत धरून वर्गाला दाखवली होती, तेव्हा त्यांची नजर साधारण तशी होती. आमच्या इमारतीतले दोन वकील आणि एक दातांचे डॉक्टर सेलमधले कपडे दुरुस्तीला आपापल्या बायकोच्या हातून पाठवतात, ते या नजरेच्या भीतीने.

बाईंनी भाचीचा कोट घेतला. भोकाकडे पाहिलंसुद्धा नाही. उलटा केला, अंगठा फिरवला.

"कापड असतं तर जळलं असतं," त्या म्हणाल्या. "हे वितळलंय."

"काही करता येईल का?"

"कशाला? याला मी काय करू, साहेब? आत मायाच सोडलेली नाही." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात, पुढे सैल करायला किंवा ठिगळाला कामी यावं म्हणून, त्याला शिंपी माया म्हणतात. "इथे सुई लावली की शिवणच हातात येईल. आणि हे बघा." त्यांनी कोटाच्या खिशाच्या पट्टीखाली बोट घातलं. बोट आत गेलं नाही. "खिसा नाहीच. नुसती पट्टी. खिशाचं चित्र काढलंय." मग त्यांना बाहीतला टॅग लागला. त्यांनी तो बाहेर काढला, वाचला आणि पहिल्यांदाच मान वर करून भाचीकडे पाहिलं. "परत करणार होतीस?"

भाचीने मान डोलावली.

"त्यांनी तुला फसवायचं, तू त्यांना फसवायचं. मधल्यामध्ये शिवणारी कुठे गेली?"

"मावशी, माझ्याकडे तेवढेच पैसे होते," भाची म्हणाली. "आणि तेही परत हवे होते."

कात्रीबाईंनी कोटाची घडी घातली. एरवी त्या असला कपडा घडी न घालता परत फेकतात, हे मी तीन वेळा अनुभवलं होतं. मग मला म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कपाटात काय आहे?"

"म्हणजे?"

"काळं काय आहे?"

मी काही नाही म्हणणार, एवढ्यात मागून बायकोचा आवाज आला. ती कधी खाली आली कोण जाणे. "यांचा लोकरीचा कोट आहे. लग्नानंतर शिवलेला. एकवीस वर्षं डांबराच्या गोळ्यांत पडलाय."

त्या कोटाबद्दल सांगायला हवं. वडिलांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शिंप्याने तो चार वेळा माप घेऊन शिवला होता. तेव्हा माझा पूर्ण दोन महिन्यांचा पगार त्यात गेला होता आणि आईने तीन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. नऊ वर्षं मी तो घातला. मग कोट होता तेवढाच राहिला आणि मी राहिलो नाही. पण बारीक झालो की घालायचा म्हणून तो जपून ठेवला होता. दरवर्षी एकदा बाहेर काढून मी त्यात एक हात घालून बघत असे. दुसरा घालायचं धाडस होत नसे.

"तो नाही," मी म्हणालो.

तिन्ही बायका माझ्याकडे बघत राहिल्या. इस्त्री कोणी केली होती, हे कोणीच बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

कोट खाली आणला. कात्रीबाईंनी तो उलटा केला, अंगठा फिरवला, आणि अंगठा मध्येच थांबला. मग त्या जिन्याच्या खिडकीजवळ उजेडात गेल्या. कॉलरच्या खाली बघितलं, बगलेत बघितलं, अस्तर वर करून बघितलं. मग अस्तर जागेवर बसवून मला विचारलं,

"जिवंत आहे?"

"कोण?"

"शिवणारा."

"नाही."

"तरीच," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी दोघंही या. तुम्ही उसवायला, ही मापाला."

रविवारी सकाळी मी मीटरच्या पेटीला टेकून, हातात ब्लेड घेऊन माझा कोट उसवत बसलो होतो. तुम्ही जाळलंय, तुम्ही उसवा, असा सरळ न्याय होता. अंगठ्याएवढी माया होती आत. प्रत्येक शिवण उसवताना जिवावर येत होतं, आणि कात्रीबाई मधूनमधून "दोरा तोडू नका, ओढा" असं दरडावत होत्या. भाची स्टुलावर उभी होती आणि बाई तिच्या खांद्यावर टाचण्या लावत होत्या.

"तुम्ही हे शिकलात कुठे?" मी विचारलं.

"उसवून."

मग टाचण्या लावता लावता, तोंडात दोन टाचण्या धरून, त्यांनी जे सांगितलं ते असं. सतराव्या वर्षी त्या कपड्याच्या कारखान्यात लागल्या. तिथे एकेका बाईला एकेक काम. कोणी कॉलर, कोणी खिसा, कोणी काजं. यांच्या वाट्याला डावी बाही आली. ती एकोणीस वर्षं राहिली.

"नुसती डावी?"

"नुसती डावी. तासाला सत्तर."

"आणि उजवी?"

"माझ्या पाठीमागे बसायची एक. अकरा वर्षं बसली. तिचं तोंड जेवणाच्या सुट्टीत दिसायचं. पाणी प्यायला उठलं की मुकादम घड्याळ बघायचा. म्हणून आम्ही पाणीच प्यायचो नाही."

"आणि पूर्ण झालेला शर्ट?"

"पाहिलाय की. दुकानाच्या काचेत." टाचणी खांद्यात गेली. भाची ओरडली नाही, जागा थोडी बदलली. "तो शर्ट घेणाऱ्याला स्वस्त होता आणि मला महाग. मधे कोण बसला होता तो मला अजून भेटलेला नाही. भेटला की त्याला आतून बघायचाय."

मग एका सकाळी कारखान्याच्या फाटकाला कुलूप. यांच्यापेक्षा स्वस्तात शिवणारी माणसं जगात कुठेतरी सापडली होती. कात्रीबाईंच्या हाताला एकच काम येत होतं, आणि नुसती डावी बाही शिवून घ्यायला कोण येतं? त्यांनी जुन्या बाजारातून चांगल्या शिंप्यांचे जुने कपडे आणले आणि एकेक टाका उसवत गेल्या. आधी काय, मग काय, कुठे किती माया. उसवायचं आणि पुन्हा तसंच शिवायचं. दोन वर्षांनी त्यांना पहिल्यांदा उजवी बाही आली.

"पण बाई," मी म्हणालो. गप्प बसलो असतो तर चाललं असतं, पण हातात ब्लेड असलं की मला विचार सुचतात. "स्वस्त मिळतं म्हणून चार लोकांच्या अंगावर नवा कपडा येतो, हेही खरं ना?"

"येतो ना. चार लोकांच्या अंगावर येतो, ते ठीक आहे. तुमच्या कपाटात येतो, त्याचं काय? शर्ट किती तुमच्याकडे?"

"असतील आठ-दहा."

"एकतीस," भाची स्टुलावरून म्हणाली. "मामा, घड्या मी घालते."

त्यातले एकोणीस सेलमधले होते. तीनवर एक फुकट. चौथा मिळावा म्हणून तीन घेणारा माणूस मी. दोन धुण्यांत त्यांचं कापड असं होतं की आरपार वर्तमानपत्र वाचता येतं. फेकवत नाही, घालवत नाही, आणि पुढचा सेल आला की पाय आपोआप वळतात. कात्रीबाईंनी नुसतं बघितलं. मी ब्लेडकडे लक्ष दिलं.

एवढ्यात माझे साडू आले. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचे यजमान. गेली तीन वर्षं ते कपड्यांच्या बाबतीत सुधारले आहेत. हातमागाचं, नैसर्गिक रंगाचं, करणाऱ्याला योग्य मोबदला देणारं असं एक दुकान त्यांना सापडलं आहे. तिथला एक शर्ट म्हणजे माझ्या भाचीच्या शिकवणीचे अडीच महिने. ते कोणाच्याही घरी गेले की आधी यजमानाच्या कॉलरच्या आत लावलेली कंपनीची चिठ्ठी वाचतात आणि मग उसासा सोडतात. आज ते पँटची उंची कमी करायला आले होते.

कात्रीबाईंनी हात पुढे केला. "आतून दाखवा."

साडूंनी मोठ्या विश्वासाने पँट दिली. अंगठा फिरला. "शिवण चांगली आहे," बाई म्हणाल्या. साडूंनी माझ्याकडे बघितलं. हे असं, अशा अर्थाने.

"किती आहेत अशा?"

"चौदा. नाही, पंधरा."

"आणि पाय किती?"

साडू हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग त्यांचं लक्ष स्टुलावरच्या भाचीकडे आणि मशीनवर पडलेल्या जळक्या कोटाकडे गेलं. त्यांनी कोटाची चिठ्ठी वाचली. उसासा आलाच.

"तुम्हा तरुण मुलांचं हेच चुकतं," ते म्हणाले. "अगं, या कोटामागे कोणाचे तरी हाल आहेत. नद्यांचं पाणी नासतंय. मी सगळ्यांना एकच सांगतो, कमी घ्या, पण चांगलं घ्या."

"काका, एकच होता," भाची म्हणाली. तिच्या एका खांद्यावर माझ्या कोटाची पाठ होती आणि दुसऱ्यावर नुसत्या टाचण्या. "याहून कमी कसं घेऊ?"

साडूंकडे यावर सांगण्यासारखं बरंच असावं, कारण त्यांनी श्वास घेतला. पण कात्रीबाईंनी मशीन सुरू केलं. ते जुनं मशीन सुरू झालं की जिन्याखाली कोणाचंच काही ऐकू येत नाही, आणि बाई ते कधी सुरू करायचं हे बरोबर जाणतात. पँट त्यांनी पाचव्या दिवशी दिली. एक पाय बोटभर आखूड होता, असं साडू अजून सांगतात. मी मोजून बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत कोट उभा राहिला. माझा म्हणून ओळखू येत नव्हता. बाईंनी बाह्या दोन्ही काढून नव्याने बसवल्या होत्या. जाळलेला कोटही वाया घालवला नाही. त्याचं अस्तर बरं होतं, ते काढून आतल्या खिशाला लावलं. खरा खिसा, हात जाणारा.

भाचीने आरशात पाहिलं आणि जरा घुटमळली. "मावशी, बटणं पुरुषांच्या बाजूची आहेत."

"मुलाखत बटणांची आहे का?"

"नाही."

"मग ताठ उभी राहा. हा कोट वाकून घालायचा नाही."

मी पाकीट काढलं. बाईंनी नेहमीच्या चेन बदलण्याएवढे पैसे घेतले. मी आणखी पुढे केले तर म्हणाल्या, "ठेवा. उद्या पुन्हा सेल लागेल."

सोमवारी भाची नऊलाच निघाली. मी गॅलरीतून बघत होतो. रस्त्याच्या वळणावर ती थांबली, हात खिशात घालून बघितला, आणि मग गेली. दुपारी तिचा फोन बायकोला आला, मला नाही. नोकरी मिळाली होती. आत बसलेल्या तिघांपैकी सगळ्यात वयस्क बाईंनी उठताना तिला विचारलं होतं, कोट कोणाकडे शिवलास? भाचीने सांगितलं होतं, जिन्याखाली.

गंमत पुढे आहे. पहिल्याच दिवशी हॉटेलने तिला हॉटेलचा कोट दिला. काळा, चकचकीत, छातीवर नावाची पट्टी. घरी आल्यावर तिने तो उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि त्याच्याकडे एकदा बघून तो खुंटीला अडकवला. ती नजर मी ओळखली. आता आमच्या घरात ती कायमची राहायला आली आहे.

पहिल्या पगाराला तिने फोनवरून दोन टॉप मागवलेच, स्वस्तातले. थोडे पैसे घरी पाठवून, थोडे मामीला देऊन उरलं त्यात तेवढंच बसत होतं. मला वाटलं, आता जिन्याखाली हिची खैर नाही. पण कात्रीबाईंनी ते टॉप घेतले, कंपनीला, मशीनला आणि त्या मधल्या न भेटलेल्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि शिव्या देता देता आतून सगळीकडे दुसरी टीप मारून दिली. आता तिचा प्रत्येक नवा कपडा अंगावर येण्याआधी जिन्याखाली जाऊन येतो. माझे शर्ट मात्र अजूनही घडी न घालता परत येतात.

हे मला लागलं. माझ्या कपाटात एक रिकामा हँगर लटकत होता आणि शेजारी एकोणीस शर्ट गर्दी करून उभे होते. एका रविवारी मी ठरवलं की आता बास. एकोणीसच्या एकोणीस काढले, चादरीत बांधले, आणि गाठोडं खांद्यावर घेऊन खाली निघालो. जिना उतरताना मला फार मोकळं वाटत होतं. आपण इतके चांगले आहोत हे आधी कसं लक्षात आलं नाही, असंही एकदा वाटून गेलं.

गाठोडं मी कात्रीबाईंच्या पायाशी ठेवलं. "बाई, तुमच्याकडे सगळ्या तऱ्हेची माणसं येतात. यातले कोणा गरीब माणसाला देऊन टाका."

बाईंनी गाठ सोडली. वरचा शर्ट उचलला, उलटा केला, डाव्या बाहीवरून अंगठा फिरवला, मग उजव्या. शर्ट गाठोड्यात परत टाकला, गाठ बांधली आणि माझ्याकडे पाहिलं.

"गरिबांनी तुमचं काय वाकडं केलंय?"